यूएसबी सिरियल कन्सोल : शेतातल्या बोर्डाशी बोलण्याची सोय

सिरियल कन्सोल म्हणजे मायक्रोकंट्रोलरवर चालणारा प्रोग्राम आणि तो तपासणारा माणूस यांच्यातली लिखित संभाषणाची सोय. बोर्डाकडून आलेली अक्षरे ओळीमागून ओळ संगणकाच्या पडद्यावर उमटतात आणि कीबोर्डवर दिलेली आज्ञा उलट बाजूने बोर्डाकडे जाते. जमिनीतला ओलावा मोजणाऱ्या किंवा विहिरीवरची मोटार चालू-बंद करणाऱ्या बोर्डाला बहुधा पडदा नसतो, बटणेही नसतात. एक बारीक दिवा लुकलुकतो, तेवढेच. सेन्सरने कोणता आकडा दिला, प्रोग्राम कुठे अडला, बोर्ड आपोआप पुन्हा का सुरू झाला, हे कळायला कन्सोलइतका स्वस्त आणि भरवशाचा दुसरा मार्ग नाही. म्हणून नव्या बोर्डावर सेन्सर जोडण्याच्याही आधी कन्सोल उभा करावा.

परभणी जिल्ह्यात या गोष्टीला आता प्रत्यक्ष कामाचे मोल आले आहे. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मुख्यालय परभणीत आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पात याच विद्यापीठाकडे डिजिटल शेतीचा विषय आला. रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने यांचा शेतीत वापर हा त्याचा गाभा होता. ड्रोन असो, फवारणीचा रोबोट असो की कापसाच्या ओळीत रोवलेला ओलावामापक असो, त्याच्या आत एखादा मायक्रोकंट्रोलर असतोच, आणि तो घडवताना कोणीतरी त्याच्या सिरियल पोर्टकडे डोळे लावून बसलेले असते.

ही सोय यूएसबीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. दूरटंकयंत्रे आणि मोडेम यांना जोडण्यासाठी अमेरिकेत १९६० साली आरएस-२३२ हे मानक ठरले. लिनक्समध्ये आजही सिरियल पोर्टांच्या नावात ‘टीटीवाय’ ही अक्षरे असतात, ती त्या दूरटंकयंत्राचीच खूण. पुढे वैयक्तिक संगणकांच्या मागे नऊ पिनांचे पोर्ट आले. यूएसबीचे पहिले मानक १९९६ साली प्रसिद्ध झाल्यावर काही वर्षांत लॅपटॉपवरून ते पोर्ट नाहीसे झाले. मायक्रोकंट्रोलरच्या आतली सिरियल यंत्रणा मात्र तशीच राहिली, कारण ती साधी आहे आणि दोन-तीन तारांत भागते. आजचा यूएसबी सिरियल कन्सोल या जुन्या आणि नव्या पद्धतींची सांगड घालतो.

जुन्या आरएस-२३२ पोर्टची पातळी मात्र वेगळी आहे. तिथे उणे ३ ते उणे १५ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्टचे संकेत असतात, तर मायक्रोकंट्रोलरच्या पिना ३.३ किंवा ५ व्होल्टवर चालतात. नऊ पिनांचे पोर्ट सरळ बोर्डाला जोडले तर चिप जळू शकते. बाजारात ‘यूएसबी टू सिरियल’ या एकाच नावाखाली दोन्ही प्रकारच्या केबली मिळतात, त्यामुळे विकत घेताना टीटीएल, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या पिनांच्या, पातळीची केबल मागावी लागते. तीतही ३.३ आणि ५ व्होल्टचा फरक पाहावा. ईएसपी-३२ सारख्या चिपच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यांना ५ व्होल्टचा संकेत देऊ नये.

मायक्रोकंट्रोलरमधल्या सिरियल यंत्रणेला यूआर्ट म्हणतात. तिच्या तीन तारा महत्त्वाच्या: पाठवण्याची टीएक्स, घेण्याची आरएक्स आणि सामाईक ग्राउंड. एकाची टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला जोडायची, म्हणजे तारा फुलीसारख्या उलटसुलट जातात. नवशिक्याचा पहिला घोटाळा इथेच होतो. ग्राउंड न जोडणे हा दुसरा, आणि तो जास्त फसवा, कारण ग्राउंड नसतानाही कधी कधी चार अक्षरे बरोबर येतात आणि दोष प्रोग्राममध्ये आहे असे वाटू लागते.

यूआर्टमध्ये घड्याळाची वेगळी तार नसते. दोन्ही बाजूंनी वेग, म्हणजे सेकंदाला किती बिट जाणार तो बॉड, आधी ठरवून घ्यायचा असतो. तार मोकळी असताना तिची पातळी उंच असते. अक्षर सुरू होताना ती एका बिटापुरती खाली येते, हा आरंभ-बिट. मग आठ बिट जातात, सर्वांत कमी किमतीचा बिट आधी, आणि शेवटी पातळी पुन्हा उंच होते तो विराम-बिट. आठ बिट, पॅरिटी नाही, एक विराम-बिट ही रचना इतकी रूढ झाली आहे की बहुतेक बोर्डांवर तीच गृहीत धरतात. एका बाइटसाठी असे दहा बिट लागतात. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० बाइट जातात आणि एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. १,१५,२०० बॉडला सेकंदाला ११,५२० बाइट जातात आणि बिट पावणेनऊ मायक्रोसेकंदांहूनही लहान होतो. घेणारी बाजू प्रत्येक आरंभ-बिटापासून नव्याने मोजू लागते, म्हणून दोन्ही घड्याळांत दोन-तीन टक्क्यांचा फरक चालून जातो. अर्दुइनो उनोवरची १६ मेगाहर्ट्झची चिप १,१५,२०० हा वेग नेमका काढूच शकत नाही, ती सुमारे १,१७,६४७ काढते. ही चूक २.१ टक्के भरते, म्हणून काम निभते. समोरचीही चूक उलट दिशेने तेवढीच असली तर मात्र अक्षरे बिघडू लागतात.

आता यूएसबीकडे. बोर्डावर यूएसबी दोन पद्धतींनी येते आणि बोर्ड निवडताना हा फरक सर्वांत आधी पाहावा.

पहिल्या पद्धतीत मायक्रोकंट्रोलरला यूएसबीचा पत्ताच नसतो. तो यूआर्टवर बोलतो आणि शेजारी बसवलेली दुभाषी चिप त्याचे यूएसबीत रूपांतर करते. स्वस्त बोर्डांवर बहुधा चीनमधल्या डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच-३४० असते, अनेक ईएसपी-३२ बोर्डांवर सिलिकॉन लॅब्जची सीपी-२१०२, तर सुट्या मॉड्यूलांवर स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीची एफटी-२३२. मूळ अर्दुइनो उनोवर हे काम एटमेगा-१६यू२ हा दुसरा छोटा मायक्रोकंट्रोलरच करतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने रिस्क-फाइव्ह पद्धतीचे ‘वेगा’ प्रोसेसर घडवले आहेत. त्यांतली तेजस-३२ ही चिप ‘एरीज’ बोर्डांवर बसते. तिच्यात तीन यूआर्ट आहेत, आणि संगणकाशी तिचे बोलणे याच वाटेने होते.

दुसऱ्या पद्धतीत यूएसबी मायक्रोकंट्रोलरच्या आतच असते. रास्पबेरी पाय पिकोवरची आरपी-२०४०, अर्दुइनो लिओनार्दोवरची एटमेगा-३२यू४, ‘ब्लू पिल’ बोर्डावरची एसटीएम-३२एफ१०३ ही त्याची परिचित उदाहरणे. इथे तारांवर बॉड नसतो, थेट यूएसबीची पाकिटे जातात. बोर्डाने संगणकाला ‘मी सिरियल पोर्ट आहे’ असे यूएसबीच्या भाषेत पटवून द्यावे लागते, आणि उभारणीतला खरा अवघड भाग हाच आहे.

या पटवण्याला ठरलेला क्रम आहे. यूएसबीच्या डेटाच्या दोन तारांपैकी डी-प्लस ही तार बोर्डाने १.५ किलोओहमच्या रोधामार्फत ३.३ व्होल्टकडे ओढली की संगणकाला कळते, पूर्ण वेगाचे, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिटचे, उपकरण आले. काही स्वस्त ब्लू पिल बोर्डांवर इथे चुकून १० किलोओहमचा रोध बसवलेला असतो. एका संगणकावर असा बोर्ड चालतो, दुसऱ्यावर दिसतच नाही. मग येते घड्याळ. पूर्ण वेगाच्या यूएसबीत चूक पाव टक्क्याच्या आत राहावी लागते आणि चिपच्या आतले साधे आरसी ऑसिलेटर तेवढे अचूक नसते. त्यामुळे क्रिस्टल लागतो आणि त्यावरून नेमके ४८ मेगाहर्ट्झ काढावे लागतात. एसटीएम-३२एफ१०३ मध्ये ८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून ७२ मेगाहर्ट्झ करून त्याला दीडने भागतात, तर पिकोवर १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून स्वतंत्र पीएलएल ४८ मेगाहर्ट्झ देते. यूएसबीने अजिबात दाद दिली नाही तर प्रोग्राम चाळण्याआधी हे घड्याळ तपासावे.

यानंतर संगणक बोर्डाला त्याची ओळख विचारतो. बोर्ड डिस्क्रिप्टर नावाची छोटी कोष्टके पाठवतो: निर्माता क्रमांक, उत्पादन क्रमांक, उपकरणाचा वर्ग. सिरियल पोर्टसाठी सीडीसी हा वर्ग आणि त्यातला एसीएम हा उपवर्ग वापरतात. एसीएम उपकरणाला दोन इंटरफेस असतात. नियंत्रणाच्या इंटरफेसला एक इंटरप्ट एंडपॉइंट असतो. डेटाच्या इंटरफेसला येण्याचा एक आणि जाण्याचा एक असे दोन बल्क एंडपॉइंट असतात आणि पूर्ण वेगात त्यांचे पाकीट जास्तीत जास्त ६४ बाइटचे असते. संगणकावर पोर्ट उघडले की बोर्डाला सात बाइटांचा संदेश मिळतो: चार बाइटांत वेग, उरलेल्या तिनांत विराम-बिट, पॅरिटी आणि डेटा-बिट. यूएसबी थेट चिपमध्ये असेल तर या वेगाला फारसा अर्थ नसतो. पडद्यावर ९६०० निवडा की १,१५,२००, डेटा यूएसबीच्याच गतीने जातो. ही सगळी कोष्टके हाताने लिहायची गरज आता सहसा पडत नाही. टाइनीयूएसबीसारखी मुक्त लायब्ररी ती पुरवते आणि पिकोच्या विकासकिटात बिल्ड-फाइलमध्ये यूएसबी कन्सोलचा पर्याय चालू केला की पुरते. तरीही क्रम माहीत असावा, कारण ‘अनोळखी यूएसबी उपकरण’ असा संदेश येतो तेव्हा यांपैकी कोणती पायरी चुकली हेच शोधायचे असते.

संगणकाच्या बाजूला पहिला संशय केबलवर घ्यावा. मोबाइल चार्जरसोबत येणाऱ्या पुष्कळ केबलींत डेटाच्या तारा नसतातच. बोर्डाचा दिवा लागतो, पोर्ट दिसत नाही. चांगली केबल लावल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्ट आणि त्याचा क्रमांक दिसायला हवा. सीडीसी वर्गाच्या उपकरणाला विंडोज १० पासून वेगळा ड्रायव्हर लागत नाही, सीएच-३४० ला मात्र पुष्कळदा निर्मात्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो. लिनक्समध्ये दुभाषी चिपचे पोर्ट ‘टीटीवाय-यूएसबी’ आणि थेट यूएसबीचे ‘टीटीवाय-एसीएम’ अशा नावाने येते. पोर्ट दिसूनही उघडत नसेल तर वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात आहे का ते पाहावे. गटात घातल्यावर एकदा लॉगआउट करून परत यावे लागते. उबुंटू २२.०४ मध्ये एक चमत्कारिक अडचण अनेकांना आली. दृष्टिहीनांच्या ब्रेल यंत्रांसाठी असलेली ‘बीआरएलटीटीवाय’ ही सेवा १ए८६ आणि ७५२३ हे ओळख-क्रमांक पाहून सीएच-३४० लाच ब्रेल यंत्र समजते आणि पोर्ट क्षणभर दिसून नाहीसे होते. ब्रेल यंत्र वापरात नसेल तर ती सेवा काढून टाकल्यावर पोर्ट टिकते. ‘मोडेम मॅनेजर’ ही सेवाही नव्या एसीएम पोर्टला मोडेम समजून त्यावर स्वतःच्या आज्ञा पाठवते. कन्सोलवर आज्ञा स्वीकारणाऱ्या बोर्डाला त्या अनाहूत असतात.

पोर्ट मिळाले की टर्मिनल प्रोग्राम उघडायचा. विंडोजवर पुटी, लिनक्सवर पिकोकॉम, मिनीकॉम किंवा स्क्रीन, आणि शिकणाऱ्यांसाठी अर्दुइनोचा सिरियल मॉनिटर पुरेसा. काहीच आले नाही तर टीएक्स-आरएक्स उलट आहेत का पाहावे. अगम्य चिन्हांचा कचरा आला तर बहुधा वेग चुकला आहे. ईएसपी-८२६६ चा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिचा बूट-प्रोग्राम २६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमुळे ७४,८८० या आडमुठ्या वेगाने बोलतो, म्हणून वीज देताच पडद्यावर कचरा येतो आणि मग आपला प्रोग्राम सुरू झाल्यावर नीट अक्षरे येतात. सुटे मॉड्यूलच बिघडले आहे का हे कळायला त्याची स्वतःची टीएक्स आणि आरएक्स एका तारेने जोडावी. टाइप केलेले अक्षर परत आले तर मॉड्यूल, केबल आणि ड्रायव्हर तिन्ही ठीक.

बोर्डाच्या बाजूला सी भाषेतले प्रिंटएफ यूआर्टकडे किंवा यूएसबीकडे वळवावे लागते. त्यासाठी अनेक साधनसंचांत अक्षरे बाहेर टाकणारे एकच छोटे फंक्शन नव्याने लिहिले जाते. इथल्या दोन बारकाव्यांनी खूप वेळ खाल्ला आहे. पहिला, लायब्ररी ओळ पूर्ण होईपर्यंत अक्षरे साठवून ठेवू शकते. नव्या ओळीचे चिन्ह न दिलेला संदेश आतच राहतो आणि प्रोग्राम तिथवर पोहोचलाच नाही असा गैरसमज होतो. दुसरा, अक्षर जाईपर्यंत थांबून राहणारे लेखन. ९६०० बॉडला साठ अक्षरांची ओळ जायला सुमारे ६२ मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ प्रोग्राम अडून राहिला तर पाण्याच्या मीटरची टिकटिक मोजायची राहून जाते. यासाठी अक्षरे चक्राकार बफरमध्ये टाकून इंटरप्टमार्फत सावकाश पाठवणे हीच योग्य रीत.

यापेक्षा मोठा धोका शेतात उघडा पडतो. टेबलावर बोर्ड संगणकाला जोडलेला असतो, शेतातल्या आखाड्यावर तो एकटा सोलर पॅनेल आणि बॅटरीवर चालतो. थेट यूएसबी असलेल्या बोर्डांच्या कित्येक नमुना-प्रोग्रामांत ‘पोर्ट उघडेपर्यंत थांब’ अशी एक ओळ असते. शिकताना ती सोयीची, कारण सुरुवातीचे संदेश हुकत नाहीत. तोच प्रोग्राम शेतात नेला की बोर्ड न येणाऱ्या संगणकाची वाट पाहत जन्मभर थांबतो. तपासायला कोणी लॅपटॉप नेऊन जोडला की लगेच चालू लागतो, आणि दोष सापडतच नाही. कन्सोल नसतानाही यंत्र चालले पाहिजे. थांबायचेच असेल तर दोन-तीन सेकंदांची मर्यादा घालावी, आणि ऐकणारे कोणी नसेल तेव्हा संदेश टाकून देऊन पुढे जावे.

याच्या उलट, कन्सोल जोडण्यानेच यंत्राचे काम मोडते असेही होते. अर्दुइनो उनोवर पोर्ट उघडताच डीटीआर ही नियंत्रणाची रेषा ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमार्फत रीसेटला झटका देते, म्हणून बोर्ड नव्याने सुरू होतो. ईएसपी-३२ च्या बोर्डांवर डीटीआर आणि आरटीएस या दोन रेषा दोन ट्रान्झिस्टरांमार्फत रीसेट व बूट पिना हलवतात. प्रोग्राम चढवताना याचा फायदा होतो. पण हंगामभर मोजून ठेवलेला आकडा फक्त तात्पुरत्या स्मृतीत असेल तर टर्मिनल उघडताच तो गेला. महत्त्वाची नोंद फ्लॅशमध्ये किंवा कार्डवर ठेवावी.

दुभाषी चिप आणि थेट यूएसबी या दोन पद्धतींची तुलना इथे निर्णायक ठरते. थेट यूएसबीच्या बोर्डावर बिघाड होऊन चिप रीसेट झाली की पोर्टच नाहीसे होते आणि शेवटचे शब्द हरवतात. दुभाषी चिप मात्र संगणकाला जोडलेलीच राहते, त्यामुळे मरतानाचा आणि जागे होतानाचा असे दोन्ही संदेश मिळतात. ईएसपी-३२ चा ‘ब्राउनआउट डिटेक्टर’ हा संदेश म्हणजे वीज अपुरी पडल्याची कबुलीच. लांब बारीक तार, थकलेली बॅटरी किंवा ढगाळ श्रावण यांतले काय कारण आहे ते त्यावरून शोधता येते. शेतात कायम राहणाऱ्या यंत्राला स्वतंत्र यूआर्टच्या पिना बाहेर काढून ठेवणे अधिक शहाणपणाचे. थेट यूएसबी टेबलावर फार सोयीची आहे, शेतावरच्या निदानासाठी एकट्या तिच्यावर विसंबू नये.

कन्सोलवर आलेला आकडा जसाच्या तसा खरा धरायचा नसतो, हेही कन्सोलच शिकवतो. डीएस-१८बी-२० हा तापमानाचा सेन्सर मोजणी होण्याआधी वाचला तर ८५ अंश सेल्सिअस दाखवतो, ती त्याची वीज मिळताक्षणीची मूळ किंमत. तार तुटली तर त्याची प्रचलित लायब्ररी उणे १२७ देते. परभणीचा उन्हाळा ४४ अंशांच्या पुढे जातो, पण जमिनीखाली ८५ अंश कधीच नसतात. ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर जोडल्यावर ईएसपी-३२ ० ते ४,०९५ या पट्टीवर कच्चा आकडा देते. इथल्या काळ्या जमिनीत फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे आहे, ती सुकताना आक्रसते आणि भेगाळते. सेन्सर आणि माती यांच्यात फट पडली की खाली ओल असूनही आकडा कोरडा दिसतो. म्हणून कन्सोलवर टक्केवारी आणि कच्चा आकडा दोन्ही छापावेत. त्याच शेतातली माती वाळवून आणि मोजून पाणी घालून ते जुळवल्याशिवाय पाणी देण्याचा निर्णय त्यावर सोपवू नये.

विजेच्या बाबतीत जिवाशी गाठ आहे. मोटारीच्या स्टार्टरला जोडलेल्या बोर्डावर कन्सोल लावायचा असेल तर लॅपटॉपचा चार्जर आधी काढावा आणि यूएसबी आयसोलेटर वापरावा. ग्राउंडमधल्या फरकाने लॅपटॉप, बोर्ड आणि माणूस तिघांनाही धोका असतो. बोर्डाला बॅटरी आणि यूएसबी अशी दोन्हीकडून वीज मिळत असेल तर एकीची वीज दुसरीत शिरू नये म्हणून मध्ये डायोड हवा. पुष्कळ बोर्डांवर तो असतो, सगळ्यांवर नसतो. अंतराचीही मर्यादा आहे. पूर्ण वेगाच्या यूएसबीची केबल पाच मीटरपर्यंतच चालते. विहीर आखाड्यापासून लांब असेल तर आरएस-४८५ वापरावे, कमी वेगात ते १,२०० मीटरपर्यंत जाते.

कन्सोलवर संदेश मराठीतही छापता येतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘ओलावा’ या शब्दात अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे पंधरा बाइट, आणि ९६०० बॉडला ते सोळा मिलिसेकंदांच्या आत जातात. टर्मिनल यूटीएफ-८ वर ठेवावे, डेटा-बिट आठच असावेत, आणि फॉन्टमध्ये देवनागरी असावी. ‘एरर ७’ यापेक्षा ‘ओलावा सेन्सरची तार सुटली’ ही ओळ शेतकऱ्याला आणि दुरुस्तीला आलेल्या पोराला दोघांनाही उपयोगाची. जोडणी पूर्ण झाल्यावर डब्याच्या झाकणाच्या आत बोर्डाचे नाव, पिनांचा क्रम, व्होल्टेज, बॉड आणि प्रोग्रामची तारीख एवढे पक्क्या शाईने लिहून ठेवावे. पुढच्या हंगामात तो डबा उघडणारा माणूस बहुधा दुसराच असतो.